चौथा खूर

बर्फाच्या कारखान्यात माझं काम फोडायचं.
लादी घसरत येते, मी टोचा घालतो,
चुरा मचव्याच्या पोटात जातो.
एकवीस वर्षं सुरमई गार ठेवली, हलवा गार ठेवला.
जिवंत काही गार ठेवायची वेळ आली नव्हती.

नाताळच्या गर्दीत, मुरुडच्या पुळणीवर,
कुणाच्या तरी वाळूच्या किल्ल्याचा खंदक चुकवताना
कासम हलदेची घोडी लचकली.
मासोळी तिचं नाव. पांढऱ्यावर राखाडी ठिपके.
पाठीवरचा पोरगा पडला नाही, रडलाही नाही.
बापाने व्हिडिओ पुरा केला
आणि पैसे अर्धे दिले.

रात्री कासम जेटीवर आला, रिकामं घमेलं घेऊन.
"पाय तापलाय, नामा. डॉक्टर म्हणाले,
आधी गार, मग शेक, मग पाणी.
आणि पाठीवर कुणी नाही, शिमग्यापर्यंत तरी."
मी घमेलं भरलं.
चुऱ्याचा हिशेब वहीत नसतो.

ओलं गोणपाट, त्यात बर्फ,
मधे रुबीनाची जुनी ओढणी, कातडी जळू नये म्हणून.
थंडीनेही जळतं,
हे मला कुणी सांगायला नको.
वीस मिनिटं. मग सोडायचं. मग परत.
मिनिटं मोजायला रुबीना पाढे म्हणायची,
एकोणिसाचा हटकून अडायचा
आणि घोडी नेमका तेव्हाच पाय उचलायची.

तिसऱ्या रात्री कासम म्हणाला, "बघ रे, उतरला का ताप?"
मी पंजा लावला.
गार नाही, ऊन नाही.
माझा पंजा म्हणजे हातमोजा, आत कुणी नसलेला.
म्हटलं, "उतरलाय बहुतेक."
रुबीनाने मनगटाची आतली बाजू टेकवली,
माझ्याकडे पाहिलं,
बापाला म्हणाली, "अजून एक दिवस."
बाकी काही बोलली नाही.

मग मीठ. जाडं, लोखंडी तव्यावर तडतडेस्तोवर भाजलेलं,
लेंग्याच्या फडक्यात बांधलेलं,
आधी आपल्या कोपरावर, मग तिच्या नळीवर.
पहिल्या दिवशी मासोळीने दोन्ही कान मागे टाकले.
दुसऱ्या दिवशी एक.
चौथ्या दिवशी खालचा ओठ लोंबता सोडून
उभ्या उभ्या पेंगली.
पोटली निवत आली की रुबीना ती माझ्या हातात द्यायची.
"धरून ठेवा, काका. खाली ठेवली तर फडकं फाटतं."
फडकं फाटत नव्हतं.

पौषातल्या अष्टमीला भांग.
समुद्र अंग चोरून बसलेला,
लाट यायची ती विचारून आल्यासारखी.
कासमने तिला गुडघाभर पाण्यात उभी केली.
पुढच्या आठवड्यात पोटभर.
पाणी खालून धरतं, मचवा धरतं तसं.
मग सुकतीच्या ओढीविरुद्ध दहा पावलं.
बारा. एके दिवशी फक्त चार,
त्या दिवशी कासम घरी जेवला नाही.

मला काठावरचं काम.
ओल्या वाळूत तीन खूर खोल,
चौथा उथळ, उसना टेकवल्यासारखा.
झाडूचा एक हीर घेऊन मी तो मोजायचो,
हिरावर नखाने खूण करायचो.
हाताला कळत नाही ते डोळ्याला विचारायचं.
खूण वर सरकायची, एखाद्या दिवशी खाली,
परत वर.

माघी पौर्णिमेला उधाण होतं.
कासम म्हणाला, आज नको.
मासोळीने ऐकलं नाही. दोर ओढत तीच निघाली,
पाण्यात गेली, भिजून बाहेर आली,
आमच्या अंगावर सगळा समुद्र झटकला
आणि पुळणीवरून चालत राहिली.

मी मागोमाग वाकून.
पहिला खूर, दुसरा, तिसरा.
चौथ्यात हीर घालतोय तोच लाट आली,
मनगटापर्यंत.
करंगळीला, एकाच करंगळीला,
ती गार लागली. की मला तसं वाटलं.

"किती, काका?" रुबीना लांबून ओरडली.
मी हीर वर धरला.
तिथून तिला काय दिसणार होतं.